‘आले नाही’ की ‘आणले नाही’?

तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला प्लास्टर घातले जाते. केसपेपरच्या तळाशी डॉक्टर लिहून देतात, ‘दहा दिवसांनी दाखवा’. दहा दिवस जातात, पंधरा जातात, महिना उलटतो. मूल परत येत नाही. एखाद्या जागरूक सिस्टरने चौकशी केलीच, तर नावापुढे शेरा पडतो : ‘आले नाही’. पुष्कळदा तेवढाही पडत नाही. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये आलेल्यांची नावे असतात. न आलेल्यांसाठी त्यात रकाना नसतो.

पण तीन वर्षांचे मूल रुग्णालयात ‘येत’ नसते. त्याला कोणीतरी कडेवर घेते, एसटीत बसवते, चिठ्ठीच्या रांगेत उभे राहते आणि डॉक्टरांपुढे नेते. तारीख चुकली तर ती मुलाने चुकवलेली नसते. म्हणून शेरा हवा तो ‘आणले नाही’ असा. मराठीत हा फरक जेमतेम एका अक्षराचा आहे. ‘आले नाही’ म्हटले की कागद बाजूला ठेवला जातो. ‘आणले नाही’ म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप तोंडी येतो : कोणी आणले नाही, आणि का?

ब्रिटनमध्ये हा शब्दबदल ठरवून करण्यात आला. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत मोठ्या रुग्णांसाठी वापरला जाणारा ‘गैरहजर’ हा शेरा लहान मुलांनाही तसाच लावला जाई. रुग्ण वारंवार गैरहजर राहिला, तर त्याचे नाव यादीतून कमी करून ती वेळ दुसऱ्याला देण्याचा रिवाजही होता. मोठ्या माणसापुरते ते समजण्यासारखे आहे. त्याला यायचे नाही, हा त्याचा निर्णय. पण मुलाचे नाव कमी झाले म्हणजे ज्याच्याकडे कोणीतरी पाहायला हवे होते, त्याच्याकडे पाहणारे शेवटचे डोळेही वळले. कॅथरीन पॉवेल आणि जेन ॲपलटन या संशोधकांनी २०१२ मध्ये या विषयावरचे उपलब्ध पुरावे एकत्र केले आणि मुलांसाठी ‘आला नाही’ऐवजी ‘आणला गेला नाही’ असे लिहावे, अशी मांडणी केली. पुढे नॉटिंगहॅम शहराच्या बालसंरक्षण मंडळाने याच कल्पनेवर एक छोटी ॲनिमेशन फिल्म काढली. आज तिथल्या अनेक रुग्णालयांत हा शेरा रुळला आहे.

तुमसरमध्ये बसून हे वाचणारा लगेच म्हणेल, तिथले ठीक आहे हो, इथे तारीख चुकायला मारहाणच कशाला हवी? आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. हा धानाचा तालुका. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालते, तेव्हा घरातली बाई सकाळपासून बांधीत वाकलेली असते. एक दिवस रुग्णालयात गेला की एक दिवसाची मजुरी गेली. दिवाळीच्या आसपास धान कापणीला येते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचायची असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता. चिखला आणि डोंगरी बुजरूकच्या मॅंगनीज खाणीत बाप पाळीवर असेल, तर त्याची सुटी रुग्णालयाच्या तारखेला जुळेलच असे नाही. सिहोरा किंवा नाकाडोंगरीकडच्या गावातून तुमसरला येणे, तिथून तीसेक किलोमीटरवर भंडारा, आणि तिथेही काम झाले नाही तर आणखी साठेक किलोमीटर नागपूर. ‘मेडिकल’ला जायचे म्हणजे घरच्या दोन माणसांचा किमान एक पूर्ण दिवस, भाडे, बाहेरचे जेवण, आणि मागे राहिलेल्या मुलांना सांभाळायला शेजारीण. एवढे जुळून येईपर्यंत मुलाचा हात बरा झालेला दिसतो, प्लास्टर ढिले होते, आणि गावातलाच कोणीतरी ते कापून काढतो.

अशा घराकडे संशयाने पाहणे हा अन्यायच होईल. तारखा चुकवणाऱ्या आई-बापांतले बहुसंख्य मुलाला बोटही लावत नाहीत. त्यांना फक्त जमत नाही. त्यामुळे चुकलेली तारीख हा पुरावा होत नाही. त्याच कारणाने ती दुर्लक्षितही राहते. सगळ्यांच्याच तारखा चुकतात म्हटल्यावर, त्या गर्दीत एखाद्या घराने मुद्दाम चुकवलेली तारीख कोणाच्या लक्षात येणार? गरिबीची सबब खरी असते, आणि कधीकधी ती दुसऱ्या कशावर तरी पांघरूण म्हणूनही वापरली जाते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये डॉक्टरांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत याची एक सोय आहे. मुलाशी घरात वाईट वागणूक होत असल्याच्या खुणा तिने दोन पायऱ्यांत विभागल्या. काही खुणा दिसल्या तर ‘संशय घ्या’, आणि काही दिसल्या तर ‘ही शक्यता मनात आणा’. आवश्यक फेरतपासणीला पालक मुलाला वारंवार आणत नसतील, तर ती खूण दुसऱ्या पायरीवर आहे, आणि तीही आबाळ या सदरात. शारीरिक मारहाणीशी तिचा संबंध लागतो तो आणखी काही जोडले गेल्यावर : उशिरा आणलेली जखम, दर वेळी वेगळे रुग्णालय, जखमेशी न जुळणारी हकिकत. ‘शक्यता मनात आणा’ याचा अर्थ आरोप करा असा होत नाही. जुने कागद काढा, दुसऱ्या कोणी या मुलाला पाहिले आहे का ते विचारा, मुलाला पुन्हा बोलवा, एवढाच होतो.

या जोडण्या पहिल्यांदा नीट मांडल्या त्या अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प यांनी. त्याआधी १९४६ मध्ये जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने सहा तान्ह्या मुलांच्या चित्रांबद्दल लिहिले होते. मेंदूभोवती रक्तस्राव, आणि त्याच मुलांच्या हातापायांच्या लांब हाडांत अनेक फ्रॅक्चर. काही भरून आलेली, काही ताजी. ही दुखापत कशाने झाली, हे घरच्यांच्या सांगण्यातून उलगडत नव्हते. केम्प आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये देशभरातील रुग्णालयांकडे विचारणा केली. ७१ रुग्णालयांनी एका वर्षातली ३०२ मुले सांगितली. त्यांतली ३३ दगावली होती आणि ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. त्या लेखातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आकड्यांत नाही. डॉक्टरांना आई-बाप असे करू शकतील यावर विश्वासच ठेवायचा नसतो, आणि म्हणून समोर दिसत असूनही ते पाहत नाहीत, हे केम्प यांनी स्पष्ट लिहिले. साठ वर्षांनंतरही त्यात फार बदल झालेला नाही. समोर बसलेली आई थकलेली, गरीब, नम्रपणे बोलणारी असते. तिला असला प्रश्न विचारायचा कसा?

आता त्या दहा दिवसांच्या तारखेकडे पुन्हा पाहू, कारण तिच्यात एक वैद्यकीय गोम आहे.

ताजे फ्रॅक्चर, विशेषतः तान्ह्या मुलाच्या बरगडीचे, पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. हाड तडकलेले असते पण जागचे हललेले नसते, आणि बारीक फट चित्रात हरवते. साधारण आठवड्यानंतर शरीर दुरुस्तीला लागते. हाडाभोवती नवे हाड धरू लागते आणि पांढरी गाठ दिसायला लागते. म्हणून मारहाणीची शंका असलेल्या दोन वर्षांखालच्या मुलाचे सगळ्या हाडांचे एक्स-रे काढल्यावर, सुमारे दोन आठवड्यांनी ते पुन्हा काढावेत असा बालरोगतज्ज्ञांचा दंडक आहे. पहिल्या दिवशी जे लपले होते ते दुसऱ्या खेपेला दिसते. जुन्या-नव्या जखमांचा क्रमही लागतो : हे हाड चार दिवसांपूर्वीचे, ते महिन्यापूर्वीचे, म्हणजे ‘पाळण्यातून पडला’ ही एका दिवसाची गोष्ट नाही. सत्य कळण्याची जी तारीख, नेमकी तीच न पाळणे लपवणाऱ्याच्या सोयीचे असते. मुद्दाम असो वा नसो, परिणाम एकच. दुसरे चित्र निघत नाही.

मार लागलेल्या मुलांच्या बाबतीत आधीची छोटी खूण निसटलेली असते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसले आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील डॉ. लिन शीट्स यांच्या गटाने २०१३ मध्ये, मारहाण झाल्याचे निश्चित झालेल्या २०० तान्ह्या मुलांचे जुने कागद तपासले. त्यांतल्या २७.५ टक्के मुलांना त्याआधीही एखादी किरकोळ दुखापत झालेली होती. गालावर डाग, ओठाच्या आतली फाटलेली शीर, असे काहीतरी. त्यांपैकी सुमारे ४२ टक्के मुलांची ती आधीची दुखापत एखाद्या डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्याला माहीत होती. ज्या मुलांना मारहाण झालीच नव्हती, अशा तुलनेच्या गटात मात्र अशी एकही दुखापत सापडली नाही. जे मूल अजून रांगत नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग पडायला फारशी कारणे नसतात, एवढे साधे तर्कशास्त्र यामागे आहे.

धावणाऱ्या मुलाचे गुडघे, नडग्या, कपाळ फुटतेच. ते मूल निरोगी असल्याचे लक्षण. चिंता करायची ती चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर पडलेल्या डागाची, आणि चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावरच्या कुठल्याही डागाची. मेरी क्लाइड पिअर्स यांनी २०१० मध्ये हा ठोकताळा मांडला. पुढे २००० हून अधिक मुलांवर तपासून २०२१ मध्ये त्यांनी त्यात गालाचा मांसल भाग, जबड्याचा कोन, पापणी, डोळ्याचा पांढरा भाग, ओठाची शीर आणि वस्तूच्या आकाराचा ठसा यांची भर घातली. आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. डाग निळा आहे म्हणून ताजा आणि पिवळा आहे म्हणून अमुक दिवसांचा, असे डोळ्यांनी सांगता येत नाही. पोलिसांत किंवा पंचायतीत असे ठामपणे सांगणारा माणूस अंदाज करत असतो.

पूर्व विदर्भात हे सगळे लावताना दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. आपल्याकडच्या अनेक बाळांच्या पाठीवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर-काळपट डाग असतात. ते माराचे नसतात आणि वयाबरोबर बहुधा मावळतात. जन्माच्या वेळी कार्डावर त्यांची नोंद केलेली असली की नंतर घोळ होत नाही. दुसरी खबरदारी सिकलसेलची. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर हा या आजाराचा पट्टाच आहे. सिकलसेल असलेल्या तान्ह्या बाळाचे हातपाय अचानक सुजतात, बाळ हात लावू देत नाही, कळवळून रडते. पाहणाऱ्याला वाटावे की कोणी हात पिरगळला. रक्त न गोठण्याचा आजार, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने मऊ पडलेली हाडे, जन्मतः ठिसूळ हाडे, हेही पाहावे लागते. निष्पाप आई-बापांवर किटाळ येऊ नये यासाठी या तपासण्या लागतात, आणि त्या एका खेपेत होत नाहीत. म्हणजे पुढची तारीख पाळणे निरपराध घराच्याही हिताचे असते. हे पालकांना कोणी सांगत नाही.

सिकलसेलच्या मुलाच्या बाबतीत तर तारीख चुकण्याला दुहेरी अर्थ आहे. अशा मुलाला नियमित औषध, रक्ततपासणी, तापाच्या पहिल्या लक्षणाला धावपळ, हे सगळे जन्मभर लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासणी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली, पण तपासणीत सापडलेल्या मुलाला दर महिन्याला आणायचे काम घराकडेच राहते. दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्या मुलाला सांभाळताना घर थकते, चिडते, पैसा संपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या आढाव्यात, अपंग मुलांवर शारीरिक हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.६ पट दिसली. ज्या मुलांच्या तारखा सर्वांत जास्त, तीच मुले सर्वांत जोखमीत. वाकड्या पावलांवर दर आठवड्याला प्लास्टर बदलावे लागणारे बाळ, फिट येणारे मूल, उशिरा बोलणारे मूल, यांच्या दोन तारखा लागोपाठ चुकल्या तर तो फोन करण्याचा दिवस समजावा.

लंडनमधल्या व्हिक्टोरिया क्लिंबिए या आठ वर्षांच्या मुलीची गोष्ट या विषयात टाळता येत नाही. आयव्हरी कोस्टमधल्या आई-वडिलांनी चांगले शिक्षण मिळेल या आशेने तिला एका नातेवाईक बाईबरोबर युरोपात पाठवले होते. जुलै १९९९ मध्ये ती दहा दिवसांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत दाखल झाली. पहिल्या ठिकाणी अंगावरच्या जखमा खरजेच्या आहेत, असे निदान झाले. दुसऱ्या ठिकाणी तिचे डोके आणि चेहरा भाजलेला होता. ऑगस्टमध्ये तिला घरी सोडले. त्यानंतर ती डॉक्टरांपुढे आणली गेली ती थेट मरणाच्या दारात असताना. २५ फेब्रुवारी २००० रोजी ती गेली. अंगावर १२८ जखमा मोजल्या गेल्या. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालाने २००३ मध्ये दाखवून दिले की तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी वेगवेगळ्या यंत्रणांच्या हातातून निसटल्या होत्या. त्यातली प्रत्येक संधी साधी होती. फोन करणे, घरी जाणे, दुसऱ्या कार्यालयाला कागद पाठवणे, तिच्याशी तिच्या भाषेत बोलणे. तिची बाजू कोणी ऐकलीच नाही.

महाराष्ट्रात घरी जाणारी माणसे आहेत, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. लंडनला जे जमले नाही ते इथे आशाताईला जमू शकते, कारण साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशाताई असते आणि तिला घर माहीत असते. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत मुळात शेजारच्या गडचिरोलीतली, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ती उभी केली, १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे ती देशाने स्वीकारली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जायचे असते. नंतरच्या टप्प्यात भेटी आहेत त्या ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात.

या वेळापत्रकाकडे मारहाणीच्या अंगाने पाहिले की एक फट दिसते. बाळाचे रडणे जन्मानंतर वाढत जाते आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास शिगेला पोहोचते. हे सगळ्याच बाळांत होते. संध्याकाळी तासन् तास रडणे, काही केल्या न थांबणे. याच काळात वैतागलेल्या माणसाने बाळाला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो आणि बाहेरून जखम दिसतही नाही. आशाताईची ४२व्या दिवसाची भेट म्हणजे सहावा आठवडा. तिथून तिसऱ्या महिन्यापर्यंत नेहमीच्या बाळाच्या घरी जाण्याचे ठरलेले कारण उरत नाही. त्या दिवसांत बाळाला बाहेरचे कोणी पाहते ते लसीच्या निमित्ताने. सहावा, दहावा, चौदावा आठवडा. तेव्हा बाळाचे कपडे काढले जातात, मांडी उघडी होते, वजन होते, आई दोन वाक्ये बोलते. म्हणून दहाव्या आठवड्याची लस चुकली तर प्रश्न फक्त लसीचा नसतो. लसीकरणाची यादी करणाऱ्या एएनएमकडे ‘सुटलेली बाळे’ अशी नावे असतातच. त्या नावांतून, आधी अंगावर डाग किंवा सूज दिसली होती असे बाळ कोणते, एवढे वेगळे काढले तरी काम सुरू होते.

शाळेच्या वयाआधी आणि शाळेतही आणखी एक नजर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. पथक आले त्या दिवशी दर वेळी गैरहजर असणारे मूल, हाही एक प्रकारचा चुकलेला केसपेपर आहे. अंगणवाडीताईला ते मूल कोणते हे न बघता सांगता येते.

सर्वांत मोठी गळती मात्र ‘रेफर’ या शब्दात होते. तालुक्याच्या रुग्णालयातून भंडाऱ्याला, तिथून नागपूरला चिठ्ठी दिली जाते. चिठ्ठी असते नातेवाइकांच्या हातात. ते मूल पुढे पोहोचले का, हे पाठवणाऱ्याला कळण्याची हमी नसते, आणि ज्याच्याकडे पोहोचायचे होते त्याला तर ते निघाले होते हेही माहीत नसते. तुमसरला मध्य प्रदेशची सीमा लागून आहे. एक जखम इकडे, पुढची बालाघाटकडे, तिसरी एखाद्या खासगी दवाखान्यात दाखवली, तर तिन्ही डॉक्टरांच्या लेखी ती पहिलीच जखम ठरते. पाठवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी एक फोन करून ‘अमुक वयाचे मूल आले का?’ विचारणे, याला यंत्रसामग्री लागत नाही. वेळ लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच नसतो, हेही मान्य करायला हवे. म्हणून सगळ्यांसाठी नको; दुखापत झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपुरता तरी तो फोन ठरवून व्हावा.

आणि विचारायचे कसे? ‘तारखेला का नाही आलात?’ या प्रश्नाला उत्तर मिळते ते सबबीचे. आशाताई त्याच गावची, कधी त्याच भावकीतली असते. तिने पोलिसाचा आव आणला तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही. ‘वयनी, बाबूचा हात आता कसा आहे? पट्टी काढाले काही अडचण झाली का?’ असे विचारले की खरी अडचण बाहेर येते. अडचण भाड्याची असेल तर तशी, रोवणीची असेल तर तशी. तारीख बदलून देता येते, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवता येते. महत्त्वाचे म्हणजे मुलाला प्रत्यक्ष पाहणे. ‘झोपला आहे’, ‘मामाकडे गेला आहे’ हे एकदा ठीक. तीनदा तेच ऐकले तर ते वरिष्ठांना सांगायचे.

अनेक घरांत मुलावर उठणारा हात आईवरही उठत असतो. तिला मुलाला न्यायचे असते, पण बाहेर पडू दिले जात नाही, पैसे दिले जात नाहीत, किंवा ‘डॉक्टरला काय सांगशील?’ या धाकाने ती स्वतःच थांबते. अशा बाईला सगळ्यांसमोर विचारणे म्हणजे संध्याकाळी तिला आणखी मार बसण्याची सोय करणे. नळावर, अंगणवाडीत, लसीकरणाच्या दिवशी बाजूला घेऊन बोलणे बरे.

यात आपल्या समाजाची एक अडचण आहेच. मुलाला चौदावे रत्न दाखवणे हा गुन्हा आहे, असे फार थोड्यांना वाटते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार खाल्ल्याचे सांगितले. इतका सर्रास मार असलेल्या ठिकाणी हाड मोडेपर्यंतचा मार वेगळा ओळखणे कठीण जाते, कारण दोन्हींचे स्पष्टीकरण एकच असते : ‘ऐकत नव्हता म्हणून दिली एक.’

कायदा काय म्हणतो? बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातील मुलाला मारहाण करणे किंवा जाणूनबुजून त्याची आबाळ करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती कळवलीच पाहिजे, असे बंधन पोक्सो कायद्यात आहे. घरातल्या मारहाणीला तो कायदा लागू होत नाही. संशयास्पद जखम दिसली तर डॉक्टर एमएलसी करून पोलिसांना कळवतात. पण चुकलेल्या तारखेची एमएलसी होत नसते. तिथे पोलिसांच्या आधीची पायरी लागते, आणि ती पायरी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती यांची आहे. समितीचे काम शिक्षा देण्याचे नाही, मूल सुरक्षित आहे ना हे पाहण्याचे आहे. मूल घरात ठेवूनही ती मदत करू शकते. हे माहीत नसल्यामुळे ‘उगाच पोरं उचलून नेतील’ या भीतीने शेजारी गप्प राहतात.

शेजाऱ्यांसाठी आणि नातेवाइकांसाठी १०९८ हा फोन आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून तो सुरू झाला. २०२३ पासून सरकारी यंत्रणा तो चालवते. रात्री-अपरात्री, मोबाइलवरूनही पैसे न पडता लागतो. ‘मारतात’ असे ठामपणे सांगता आले नाही तरी चालते. ‘मुलाच्या हाताला प्लास्टर होते, महिना झाला, दवाखान्यात नेलेले नाही, आणि मूल बाहेर दिसत नाही’ एवढे सांगितले तरी पुरते. ज्या पालकांना खरोखरच तारीख पाळता येत नाही, त्यांनी केसपेपरवरचा फोन नंबर बरोबर आहे ना तेवढे पाहावे, आणि निघण्यापूर्वी सिस्टरला सांगावे की रोवणी आहे, पंधरा दिवसांनी येऊ. ती तारीख मग तशी लिहून घेता येते.